ट्रायलचा फोटो

आमच्या भिंतीवर बाबांचा जो फोटो आहे त्यात त्यांच्या उजव्या खांद्यावर एक हात आहे. हात कुणाचा, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. घरात त्यांचा धड एक फोटो सापडेना, म्हणून कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून घेतलं आणि मोठं करून आणलं. बाकीची माणसं गेली, हात तेवढा राहिला. चार बोटं आणि एक अंगठी. आई दर रविवारी तसबीर पुसताना त्या हाताला बोलायची, "ह्ये गेलं, पन ह्यो कोन हाय त्यो हात काय काढंना."

पुढे मी फोटोग्राफर झालो आणि हेच काम माझ्या गळ्यात पडलं. करी रोडच्या आमच्या चाळीत कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी आल्बम काखोटीला मारून माझ्या दारात हजर. "राजरत्न, यातून अप्पांना काढ." अप्पा कुठे, तर पंगतीत, तोंडात जिलेबी. मी जिलेबी काढतो, फेटा उतरवतो, गळ्यातला हार पुसतो, दुसऱ्या कुणाची तरी कॉलर आणून बसवतो. एका आजींचा अर्धा चेहरा नवरीच्या शालूमागे होता. उरलेला अर्धा मी त्यांच्या बहिणीचा लावला. घरच्यांनी फोटो बघितला, रडले, म्हणाले अगदी आजी. मी फोटो कागदात गुंडाळून दिला. पण चीड यायची. माणसं जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात मागच्या रांगेत उभी राहतात, स्वतःसाठी पाच मिनिटं खुर्चीवर बसत नाहीत, आणि मग मागे माझ्या डोक्याला ताप.

माझी ही बडबड आई भाजी निवडता निवडता ऐकायची. आई म्हणजे सुंदराबाई. भायखळ्याच्या मार्केटातून पहाटे भाजी आणून तिने ती चाळीस वर्षं करी रोड स्टेशनबाहेर विकली. पहाटे उठलं की आधी मशेरी. तव्यावर भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन दातांना लावायची, मगच चहा. दात काळे पडले होते आणि त्याची तिला लाज होती. त्यामुळे कॅमेरा दिसला की तिचा पदर आपोआप तोंडावर जायचा. माझ्या लग्नाच्या आल्बममध्ये आई एकवीस फोटोंत आहे. एकवीस फोटोंत डोळे, कपाळ आणि पदर. मी चिडून म्हटलं होतं, "वरमाय आहेस की दरोडेखोर?" ती पदराआडून हसली होती. ते हसणंही फोटोत नाही.

गेल्या डिसेंबरात तिच्या गालाच्या आत एक जखम झाली आणि ती बरी होईना. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासलं. डॉक्टरांनी मला आणि दीपिकाला, म्हणजे माझ्या बायकोला, समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. कॅन्सर आहे, गालाचा आतला भाग आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागेल, चेहऱ्यात फरक पडेल, तीन आठवड्यांनी ऑपरेशन. आई आमच्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

टॅक्सीत बसल्यावर ती म्हणाली, "राजा, माझा एक फोटू काढ. नुसता माझा. कुनाच्या लग्नातनं कापू नगं मला."

"काढतो की."

"त्ये कापायच्या आदी काढ."

शेजारच्या मीराबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या तिच्यावर उखडल्या, असं अभद्र बोलू नये म्हणाल्या. आई म्हणाली, "अभद्र काय त्यात? आपन दीक्षा घेतली, शकुन-अपशकुन सोडून साठ वर्सं झाली. भिंतीवर जायाचं तर हायच, मंग नीट जावं." मी मनात म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

आता अडचण सांगतो. त्याच आठवड्यात गिरगावातल्या एका हॉलमध्ये नवरदेवाच्या मामांनी नाचता नाचता मला कोपर मारलं आणि माझा कॅमेरा जमिनीवर गेला. कॅमेरा वाचला, लेन्स गेली. चोवीस-सत्तरची झूम लेन्स. लग्नाच्या फोटोग्राफरचं पोट तिच्यावर असतं. चोवीसला ठेवली की अख्खा मांडव मावतो, सत्तरला नेली की नवरीचा चेहरा. दुरुस्तीवाल्याने दोन बाजूंनी हलवून बघितली आणि परत दिली. घरात एक जुनी पन्नासची लेन्स होती, तिच्या काचेला आतून बुरशी लागलेली. म्हणजे कॅमेरा होता, पण डोळा नव्हता.

कंपनीची नवीन लेन्स घ्यायची माझी ऐपत नव्हती. राहिली थर्ड पार्टी. कॅमेरा एका कंपनीचा, लेन्स दुसऱ्याच कंपनीची. घरजावयासारखा प्रकार असतो हा. जुळलं तर पोटच्या पोरापेक्षा बरं, नाही जुळलं तर रोजची कटकट. एकाच नावाच्या दोन लेन्स घेतल्या तरी एक तुमच्या कॅमेऱ्याशी नीट वागते आणि दुसरी डोळ्यावर फोकस धरायला सांगितलं तर कानावर धरते. म्हणून शहाणा माणूस ती स्वतःच्या कॅमेऱ्याला लावून, फोटो काढून, मोठे करून बघितल्याशिवाय घेत नाही. मी फार शहाणा माणूस.

विकास माझा जुना दोस्त. दादरला त्याचं लेन्सेस भाड्याने द्यायचं दुकान आहे. तो म्हणाला, "अरे यार, विचार काय करतोस? तीन पीस आहेत माझ्याकडे, एकेक दिवस घेऊन जा. जी जमेल ती बोरा बाजारातून उचल." एक फार वजनदार, तिचं नाव मी जाडी ठेवलं. दुसरीची झूमची रिंग माझ्या सवयीच्या उलट्या बाजूला फिरायची, ती उलटी. तिसरीच्या फोटोंत सगळं किंचित हळदीचं दिसायचं, ती पिवळी.

पहिल्या दिवशी जाडी आणली. आमच्या खोलीला एकच खिडकी, आणि समोरची मिल पाडून झालेल्या टॉवरने आमचं आकाश खाल्लंय. पण त्या टॉवरला काचा आहेत. त्या दिवसांत दुपारी पावणेपाचला ऊन त्या काचांवरून उलटून आमच्या खिडकीत यायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. इतका मऊ उजेड स्टुडिओत चार दिवे लावून मिळत नाही. मी खिडकीपाशी स्टूल ठेवलं आणि आईला हाक मारली.

ती तयार होऊन आली. बुद्धपौर्णिमेला नेसते ती निळ्या काठाची पांढरी साडी, केसांना तेल, घट्ट अंबाडा. स्टुलावर बसली आणि पदर तोंडावर घेतला.

"पदर खाली घे, आई."

"दात दिसत्यात."

"तोंड मिटून बस. नाही दिसत."

तिला वेळ लागला. हात खाली आला, परत वर गेला, परत खाली आला. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एकावर एक दाबून धरले. आईची हनुवटी इतकी छोटी आहे हे मला चाळिशीला आल्यावर त्या दिवशी कळलं. मी वीस-पंचवीस फोटो काढले.

"झाला?" तिने विचारलं.

"नाही ग. ही ट्रायल आहे. लेन्स कशी आहे बघतोय."

फोटो कॉम्प्युटरवर टाकले, मोठे केले. फोकस पापणीवर हवा होता, तो कानाच्या पाळीवर गेलेला. बहुतेक फोटोंत तेच. मी सगळे पुसून टाकले. ट्रायलचे फोटो ठेवायचे नाहीत ही माझी वर्षानुवर्षांची सवय आहे. बघायचं, पारखायचं, पुसायचं. नाहीतर कॉम्प्युटरमध्ये कचरा साठतो.

दुसऱ्या दिवशी उलटी. आई तीच साडी नेसून बसली, केसांना तेल मात्र नव्हतं. "आज हाय का खरा फोटू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बघू, लेन्सवर आहे." हात सवयीने रिंग एका बाजूला फिरवी आणि आई जवळ यायच्या ऐवजी लांब जाई. उजेड संपत आला तसा मी वैतागलो आणि तिलाच ओरडलो, "हलू नको ना." ती हललेली नव्हती. तेही फोटो पुसले.

तिसऱ्या दिवशी पिवळी. आई घरातल्याच साडीत होती, हाताला लसणाची सालं. मी भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवलं. लेन्सचे कोपरे तपासायची ही जुनी रीत आहे. मधली अक्षरं कुठल्याही लेन्सने वाचता येतात, कोपऱ्यातली आली तर लेन्स खरी. आई स्टुलावर बसून वाट बघत होती. पानाचा फोटो काढताना ती डाव्या कोपऱ्यात येत होती. तिला उठवायचा मला कंटाळा आला. पानाचा एक फोटो काढला, मग तिचे दहा-बारा काढले. "झाला?" तिने या खेपेला विचारलं नाही. मी कॅमेरा खाली ठेवल्यावर ती उठली आणि लसूण सोलायला गेली.

पिवळीचे कोपरे पाघळलेले निघाले. मी पानाचा तो एक फोटो पुरावा म्हणून विकासला पाठवला, पूर्ण साईझची फाईल. वर लिहिलं, "डावा कोपरा बघ. काय घाण आहे."

त्याचं उत्तर आलं, "भाई, कोपरा कोण बघतं?"

मी लिहिलं, "मी बघतो."

मग पिवळीचेही सगळे फोटो पुसले, तो पानाचाही. दीपिका मागे उभी राहून बघत होती. ती सहसा माझ्या कामात बोलत नाही.

"त्यातला एकही चालणार नव्हता?"

"डोळे शार्प नाहीत."

"राज, तू आईंकडे बघतच नाहीयेस. तू त्यांच्या पापण्या मोजतोयस."

तुला लेन्समधलं काय कळतं, असं काहीतरी मी तिला म्हणालो. तिचं बरोबर होतं, आणि ते मला तेव्हाही कळलं होतं. त्या दिवसांत मला लेन्सने वाचवलं. यूट्यूबवर कुठल्या कुठल्या देशांतली माणसं विटांच्या भिंतीचे फोटो मोठे करून दाखवत होती, आणि मी ते तासन् तास बघत बसायचो. लेन्सचं काय करायचं हे शोधता येत होतं. आईचं काय होणार हे शोधायची मला हिंमत नव्हती. मी भित्रा माणूस आहे आणि भित्र्या माणसाला अवजाराचा फार आधार असतो.

शेवटी बोरा बाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो, काउंटरवर तासभर उभा राहिलो, दुकानदाराच्या कपाळावर आठ्या येईपर्यंत तिघींत त्यातल्या त्यात बऱ्या जाडीचे दोन पीस लावून बघितले. दोन्ही कानावरच जात होते. तो म्हणाला, शनिवारी नवीन माल येतोय, त्यातली देतो. म्हटलं, शनिवार तर शनिवार. ऑपरेशनला त्यानंतरही सहा दिवस होते. बरं झालं, निवांत काढू.

गुरुवारी दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. कुणा पेशंटला ताप भरला, त्याची तारीख रिकामी झाली, उद्या सकाळी घेऊन या. दीपिकाला बरं वाटलं, अशा दुखण्यात जितकं लवकर तितकं चांगलं. मी विकासला फोन लावला. लग्नाचा सीझन, तिन्ही लेन्स बाहेर गेलेल्या. पावणेपाचचं ऊन आलं आणि गेलं, मी हातात नुसता कॅमेरा घेऊन बसलो होतो. लेन्स नसलेल्या कॅमेऱ्याचं तोंड झाकायला प्लास्टिकचं झाकण असतं, ते मी उघडत होतो आणि लावत होतो.

संध्याकाळी दीपिकाने तिचा मोबाईल काढला. "आई, बसा पाहू. मी काढते."

आईने पदर वर घेतला. "मोबाईलमधी नगं. राजा काढनार हाय माझा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आल्यावर काढ. तवर तुजी ती लेन येईल."

"हो," मी म्हणालो. "आल्यावर काढू."

चेहऱ्यात फरक पडेल हे डॉक्टरांनी आम्हा तिघांना सांगितलं होतं. तिघंही त्या खोलीत होतो आणि तिघांनाही आठवत होतं. तिने मला सांभाळून घेतलं आणि मी घेऊ दिलं. मोबाईल हातात घेऊन "आई, पदर खाली घे" एवढंच म्हणायचं होतं. माझ्यासाठी तिने तो घेतला असता. पण मी फोटोग्राफर, माझ्या आईचा भिंतीवरचा फोटो मोबाईलचा कसा असेल? या अभिमानाला काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही.

ऑपरेशन नऊ तास चाललं. डॉक्टरांनी त्यांचं काम नीट केलं. उजव्या बाजूचा जबडा गेला, छातीचं मांस घेऊन गाल बांधला. आई घरी आली तेव्हा तिचं बोलणं आम्हाला अर्धंच कळायचं. पदर आता कायमचा तोंडावर, झोपेतसुद्धा. जेवण नळीतून. मशेरीचा डबा तिने स्वतःच्या हाताने मीराबाईंच्या समोर कचऱ्यात टाकला आणि बोटाने त्यांना दम दिला. मीराबाईंची मशेरी तेवढ्याने सुटली, हे एक त्यातल्या त्यात बरं.

लेन्स आली होती. दुकानदाराने शब्द पाळला, नवीन मालातला पीस अचूक निघाला. पापणीवर म्हटलं की पापणीवर. मी सीझनभर तिच्यावर लग्नं मारली, लोक म्हणाले काय फोटो आलेत. घरात मात्र मी ती पिशवीतून बाहेर काढत नव्हतो. फोटोचा विषय मी काढला नाही आणि आईनेही काढला नाही. मला वाटलं, विसरली. म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

महिन्याभराने, फेब्रुवारीत, मी एक दिवस दुपारी घरी होतो. दीपिका कामावर. मी बाहेर गॅलरीत फोनवर बोलत होतो. आत आलो तर खिडकीपाशी स्टूल ठेवलेलं आणि त्यावर आई. निळ्या काठाची पांढरी साडी, केसांना तेल, अंबाडा. एका हाताने अंबाडा तिने कसा घातला असेल कोण जाणे, दुसरा खांदा तेव्हा नीट वर जात नव्हता. टॉवरच्या काचांवरून ऊन नुकतंच खोलीत आलं होतं. तीन दिवसांच्या ट्रायलमध्ये ती काय शिकली असेल तर हे, की राजा कुठल्या वेळी फोटो काढतो.

माझ्याकडे बघत तिने स्वतःच पदर खाली घेतला. मी सांगायच्या आधी. मग दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले.

मी पिशवीतून कॅमेरा काढला. लेन्स लावली. डोळ्याला लावून सत्तरवर नेली, डाव्या पापणीवर फोकस धरला. लागला. लेन्स चांगली होती, त्याला मी काय करू? तिने सगळं दाखवलं. टाक्यांची रेघ, छातीवरून आणलेल्या कातडीचा वेगळा रंग, ओठाचा ओघळलेला कोपरा, तिथली ओल, आणि या सगळ्याच्या वर तिचे डोळे, जे मला घाबरू नको म्हणत होते. माझं बोट बटणावर होतं. अर्धं दाबलेलं. पूर्ण दाबता आलं नाही.

मी कॅमेरा खाली घेतला आणि म्हणालो, "आई, लाईट बरोबर नाहीये. उद्या काढू."

तिच्या अख्ख्या चेहऱ्यावर ऊन होतं. मांडीवर होतं, हातांवर होतं. तिने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मान हलवली, बरं म्हणून, आणि पदर वर घेतला. स्टुलावरून उठताना मी हात द्यायला पुढे झालो, तर तिने माझ्या गालावरून बोटं फिरवली आणि स्वतःची स्वतः उठली. त्यानंतर ती त्या स्टुलावर बसली नाही. मी बोलावलंही नाही.

एप्रिलात दुखणं परत वर आलं. जयंतीची मिरवणूक तिने गॅलरीतून बघितली, तोंडावर पदर घेऊन, निळे झेंडे जाईपर्यंत उभी राहिली. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी गेली.

पुण्यानुमोदनाला फोटो लागतो. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींखाली, मेणबत्तीपाशी, ज्याच्यासाठी वंदना घ्यायची त्याचा फोटो. दीपिकाने विचारलं, कुठला लावायचा? मी पुसलेले फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर कार्डावर चालवलं. त्या कार्डावर पंधरा लग्नं होऊन गेलेली. मांडव निघाले, नवऱ्या निघाल्या, नाचणारे मामा निघाले. आई निघाली नाही. मग मी आमच्या लग्नाचा आल्बम घेऊन बसलो. एकवीस पदर. चाळीतल्या किती जणांना मी कुठून कुठून उपसून काढलंय, पण पदराच्या आतली हनुवटी कुठून आणणार? दुसऱ्या कुणाची मी तिला लावणार नव्हतो. तेव्हा मी रडलो. हॉस्पिटलात नाही, घाटावर नाही, आल्बमवर रडलो.

दुसऱ्या दिवशी विकास भेटायला आला. थोडा वेळ बसला, उठताना दारात घुटमळला. "तू मला पेपरचा फोटो पाठवलेलास," तो म्हणाला. "पिवळीचा. कोपऱ्याला शिव्या घालत होतास तो. माझ्याकडे आहे रे. तेव्हाच बोलणार होतो, कोपऱ्यात आई आहे म्हणून. पण तू भांडायच्या मूडमध्ये होतास."

मी ते पाठवल्याचं विसरूनच गेलो होतो. फाईल उघडली. मधोमध वर्तमानपत्राचं पान, टाचणीच्या टोकाएवढी अक्षरंसुद्धा लख्ख. डाव्या कोपऱ्यात, पाघळलेल्या काचेत, आई. फिकट हळदीच्या उजेडात. पदर खांद्यावर, तोंड उघडं, ओठ जरासे विलगलेले, काळे दात थोडेसे दिसणारे. कॅमेरा आपल्याकडे नाही हे तिला माहीत होतं, म्हणून ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या जरा वर बघत होती, जिथे माझं कपाळ असणार. डोळे शार्प नव्हते. पापण्या मोजता येत नव्हत्या.

मी तो कोपरा कापला. कुनाच्या लग्नातनं कापू नगं म्हणाली होती, तर लग्नातून नाही, पण शेवटी कापलीच. मोठं केल्यावर चेहरा आणखी विरघळला. थोडा शार्पनेस वाढवून बघितला तर ती आई दिसेना, म्हणून होता तसा ठेवला. पिवळेपणाही काढला नाही. दात पांढरे केले नाहीत. कानाच्या बाजूला वर्तमानपत्राची कड आली होती, अक्षरांच्या चार ओळी. ती पुसणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पुसली नाही.

पुण्यानुमोदनाला चाळीतली सगळी आली. त्रिशरण, पंचशील झालं, वंदना झाली, माणसं दोन दोन मिनिटं आईबद्दल बोलली. स्टेशनबाहेरची एक भाजीवाली म्हणाली, सुंदराबाई उठून गेली की तिच्या टोपल्याची राखण पोलीससुद्धा करायचे, आणि लोक हसले. चहाचे कप फिरले. गर्दी पांगल्यावर मीराबाई फोटोजवळ गेल्या, चष्मा वर-खाली करून बघायला लागल्या.

"पदर न्हाई तोंडावर," त्या म्हणाल्या. "कुनाच्या लग्नातला रं?"

"लग्नातला नाही, मावशी. घरातलाच आहे."

"बेस हाय. जरा धुरकाट हाय, पन बेस हाय." त्यांनी बोट पुढे केलं. "आन् ह्ये कडंला काय छापल्यालं?"

"पेपर आहे."

"पेपर वाचत व्हती व्हय? तिला कुटं वाचाय येत व्हतं?"

"वाचत नव्हती, मावशी," मी म्हणालो. "फोटो काढायचा होता ना तिला. थांबली होती."